झग्याच्या टोपीतली साखर

आमच्याकडे चहा पेल्यात गोड करत नाहीत, किटलीतच करतात. साखरेचा खडा किटलीत पडला की तो सगळ्यांचा झाला. एकानं गोड प्यायचा आणि शेजारच्यानं फिका, असले लाड आमच्या अझेम्मूर गावात कुणाला ठाऊक नव्हते. म्हणून माझ्या भावाला साखरेचा आजार जडला तेव्हा तो त्याला एकट्याला जडला नाही. त्याच्या घराला जडला, आणि मग सगळ्या गल्लीला.

बुशैब माझ्या पाठचा. धंद्यानं पिंजारी. गाद्या उसवायच्या, आतली लोकर धुऊन वाळवायची, पिंजायची आणि पुन्हा भरून शिवायची. रमजानच्या आधी, शाबान महिन्यात, प्रत्येक बाईला आपली बैठक नव्यासारखी हवी असते, तेव्हा तर त्याला मान वर करायला फुरसत नसायची. घरोघरी काम आणि घरोघरी चहा. पुदिन्याचा, दाट, ओठाला ओठ चिकटेल इतका गोड. सोबत ताटलीत काहीतरी असायचंच, आणि नको म्हटलं तर घरची बाई आठवडाभर फुगून बसणार. तसं आमच्या बुशैबला नको म्हणता कधी आलंच नाही. लहानपणी आईनं मधाची बरणी माळ्यावर लपवली, तर हा पठ्ठ्या शिडीवरच झोपलेला सापडला, बोट तोंडात. आई मारायला धावली आणि हसत परत आली. त्याच्यावर रागावणं कुणालाच जमलं नाही, एका तामूशिवाय.

तामू म्हणजे त्याची बायको. खेड्यातली, अंगानं एवढीशी, बोलायला कमी आणि करायला चार पावलं पुढं. मला ती पहिल्यापासून खडूस वाटायची, खोटं कशाला सांगू? मी बोलभांड, ती मुखदुर्बळ. मी एक वाक्य बोलले की दहा बायका हसायच्या, ती मात्र माझ्याकडे असं बघायची की मलाच आपलं बोलणं जास्त झाल्यासारखं वाटायचं. पण बुशैबच्या पायाला गादी शिवायचं दाभण लागलं, ती जखम भरेना, आणि यानं डॉक्टर गोड बंद करील म्हणून मोज्यात दडवून ठेवली, तेव्हा ती हुडकून काढली तामूनंच. तोवर उशीर झाला होता. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं.

तो इस्पितळातून घरी आला त्या दिवशी तामूनं फडताळातले साखरेच्या घट्ट ढेपांचे सुळके काढले, निळ्या कागदासकट. मधाची बरणी, जर्दाळूचा मुरंबा, कासाब्लांकाहून आलेला चॉकलेटचा डबा, सगळं टोपलीत भरलं आणि मशिदीच्या दारातल्या गरिबांना वाटून आली. घर असं धुतलं की मुंग्यासुद्धा उठून माझ्याकडे राहायला आल्या. मग चुलीवर किटली ठेवली, पुदिना घातला, साखर नाही घातली आणि दोन पेले भरले. एक त्याला, एक स्वतःला. तामूला लहानपणापासून गोड चहाची इतकी चटक की खेड्यात तिला ‘साखरेची गोणी’ म्हणून चिडवायचे. त्या दिवसापासून तिनंही सोडला. मी म्हटलं, तुला काय झालंय, तू का कडू पितेस? तर म्हणाली, “किटली एकच आहे.”

मग बाई घराबाहेर पडली. जिथं जिथं बुशैब गाद्या भरायला जायचा त्या प्रत्येक दारात उभी राहिली. ज्या बाईच्या तोंडून एरवी शब्द फुटत नसे ती सांगत सुटली, की माझा माणूस तुमच्याकडे येईल, त्याला गोड दिलंत तर त्याचा पाय तुम्ही तुमच्या हातानं कापलात असं समजेन. लोकांनी ऐकलं. आमच्या गल्लीतली माणसं पोलिसाचं ऐकत नाहीत, तामूचं ऐकलं. कारण बुशैब त्यांना हवा होता. कोपऱ्यावर अल्लाल स्फेंज तळतो. गरम गरम कडं तेलातून काढून साखरेत लोळवून द्यायचं अशी त्याची पद्धत. तोही बुशैबला मीठ भुरभुरून द्यायला लागला, तेही अर्धंच.

आणि खरं ते खरं म्हणायला पाहिजे. जखमा भरायला लागल्या. डोळ्यांपुढचं धुकं गेलं, सुईत दोरा पुन्हा एका फटक्यात जायला लागला. डॉक्टर म्हणाला, अशी बायको औषधाच्या दुकानात मिळाली असती तर मी सगळ्यांना लिहून दिली असती. हे बुशैबनंच मला येऊन सांगितलं, छाती फुगवून.

मी मात्र लपूनछपून द्यायची. माझ्या दाराच्या आत, हात घातला की लागेल अशा कोनाड्यात एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात कधी बदामाची वडी, कधी शबाकियाचा तुकडा, तिळाचा, मधात मुरलेला. शुक्रवारी नमाजानंतर तो यायचा. एरवी मला नुसती रकिया म्हणायचा, गोड हवं असलं की मानानं ‘लल्ला रकिया’. दाराबाहेरून लल्ला ऐकू आलं की मी डब्याकडे हात नेलाच म्हणून समजा. मेल्या, आलास का, म्हणायची आणि बोटाएवढा तुकडा द्यायची. त्याला हाक मारायची माझी तीच पद्धत, मेल्या. तामूला कळलं तेव्हा ती भांडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली की लल्ला रकिया, तुम्ही त्याच्या बहीण आहात म्हणून तुमच्या दारात मी उभी राहणार नाही. मी तुकडा निम्मा केला. बंद काही केला नाही.

आता त्याच्या नाटकाचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं.

गोड बंद झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात अल्लालच्या दुकानात गर्दी होती. बुशैबनं बादलीतलं पाणी हळूच कपाळाला लावलं आणि हात थरथरवत आत शिरला. बाकावर कोसळला. डोळे फिरवले. म्हणाला, भावांनो, मी निघालो. तामूला सांगा, तिची किटली जिंकली. शेवटची इच्छा म्हणाल तर ओठाला एक थेंब मध लावा, म्हणजे कबरीत हिशेब विचारायला जे फरिश्ते येतील त्यांच्याशी निदान गोड बोलेन. लोक पोट धरून हसले. अल्लालनं त्याच्या ओठाला मीठ लावलं, तेव्हा मेलेला माणूस थुंकत उठून बसला. मग काय विचारता? ते नाटक गावभर झालं. लग्नात, बारशाला, कुणाची तरी हज यात्रा झाली की, ‘बुशैब, मर की एकदा’ असं पोरंसोरंही म्हणायची आणि हा मरायचा. दर वेळी काहीतरी नवीन घालायचा. एकदा जीभ जड झाल्यासारखा बोलला, एकदा भिंत धरून धरून आला. तामूही हसायची. बाहीत तोंड खुपसून हसायची, मी पाहिलंय. पण मध नाही म्हणजे नाही.

पुढं गोळ्या पुरेनात म्हणून डॉक्टरनं सुई सुरू केली. सकाळी पोटात टोचून घ्यायची. ज्या दिवशी हे ठरलं त्या दिवशी तामू औषधाच्या रांगेत उभी होती आणि डॉक्टरच्या खोलीत हा एकटा होता. घरी आला तो गंभीर चेहरा करून. म्हणाला, डॉक्टरनं सांगितलंय, या सुईनं कधी कधी साखर एकदम खाली उतरते. हात कापायला लागले, गार घाम सुटला, की लगेच गोड खायचं, वाट बघायची नाही. खिशात कायम खडीसाखर ठेवायची.

तामूनं हातातला डाव खाली ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली. “आता डॉक्टरलाही फितवलंत?”

त्यानं आईची शपथ घेतली. आईची शपथ त्यानं याआधी शबाकियाच्या एकेका तुकड्यासाठी घेतलेली होती, आणि ती प्रत्येक खोटी शपथ तामूला पाठ होती. मग त्यानं दुसऱ्या दिवशी साखरेचा खडा झग्याच्या टोपीत टाकला. आमचे पुरुष पाठीवर लोंबणाऱ्या टोपीत काय वाट्टेल ते ठेवतात, पाव ठेवतात, कोथिंबीर ठेवतात. तामूनं दारातून निघताना टोपी चाचपली आणि खडा काढून घेतला. त्यानं अस्तरात लपवला, तिनं अस्तर उसवलं. लोकरीच्या पोत्यात लपवला, तिनं पोतं झटकलं. रोजचा खेळच झाला तो. बुशैब सगळ्यांना सांगायचा की माझी बायको मला इतका जीव लावते, रोज सकाळी जकात नाक्यासारखी झडती घेते. गल्ली हसायची. हळूहळू त्यानं खडा लपवणं सोडून दिलं. जन्मभर थापा मारणाऱ्याला खरं सांगायचा कंटाळा लवकर येतो.

मलाही त्यानं सांगितलं होतं. मीही विश्वास ठेवला नाही. वाटलं, नवीन नाटक आहे, पहिल्यापेक्षा चांगलं बसवलंय. पण द्यायला विश्वास कशाला लागतो? एकदा दुपारी तो माझ्या उंबऱ्यावर कापत उभा राहिला, मी वडी दिली, तो थोडा वेळ भिंतीला टेकून बसला आणि घाम पुसून म्हणाला, “रकिया, डॉक्टर तूच.” मी म्हटलं, पुरे झालं, नाटक्या, जा कामाला. आणि तो गेला, चांगला ताठ चालत गेला.

शाबानचे शेवटचे दिवस. गल्लीच्या तोंडाशी मिलूदाचं मोठं घर, तिची सगळी बैठक भरायला घेतलेली. घराघरातून तीळ भाजल्याचा, मध कढत असल्याचा वास. नाकाला फडकं बांधून चालावं म्हटलं तरी घशात उतरत होता. बुशैबनं सकाळी सुई घेतली, पावाचा एक तुकडा खाल्ला आणि कामाला लागला. दुपारी मिलूदानं जेवायला हाक मारली तर म्हणाला, एवढी एक गादी शिवून होऊ दे, मग बसतो. मिलूदा शबाकिया तळत होती, तीही विसरली.

यापुढचं मला ज्यानं त्यानं येऊन सांगितलंय. प्रत्येकानं आपापला घास माझ्या पदरात आणून टाकला, आणि मी तो ओळीनं लावलाय.

तो मिलूदाच्या स्वयंपाकघराच्या दारात आला, केसांत लोकर अडकलेली. म्हणाला, मिलूदा, एक दे, हात कापायला लागलेत. तिच्यापुढं परात भरून शबाकिया होती, नुकती मधातून काढलेली. ती म्हणाली, बस्स कर बाबा, तामू माझी मान मोडेल, आणि त्याला पाण्याचा पेला दिला. तो हसला. मिलूदा आता सारखी तेच सांगते, की तो हसला होता गं, म्हणून मला वाटलं.

तिथून तो अल्लालकडे गेला. अल्लालच्या दुकानात संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. बुशैबनं फळीला दोन्ही हातांनी धरलं. कपाळावरून घाम ओघळत होता, शब्द एकमेकांत अडकत होते. अल्लाल ओरडला, बघा रे, आज फुकट खेळ आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा भाऊ तिथं मरत होता आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, आज जिभेचं काम फार छान केलंस, बुशैब. तो फळी सोडून वळला.

घरी का गेला नाही, असं कुणाला वाटेल. घर पलीकडेच होतं, तामू घरात होती. पण त्या घरात साखरेचा कण नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो भिंत धरून धरून माझ्या दाराशी आला.

माझ्या दाराला कुलूप होतं. मी सेल्लू या रमजानातल्या गोडाचं पीठ आणि बदाम भाजायला भट्टीवर गेले होते. शाबानात भट्टीवर सगळं गाव लोटतं, माझा नंबर येईना, मी तिथं बसून बायकांना हसवत होते. किल्ली माझ्या चोळीत होती. माझ्या समोरची फातना गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं ऐकलं, तो दारावर कपाळ टेकवून हळू आवाजात म्हणत होता, लल्ला, लल्ला. तिला वाटलं, आला गोड मागायला, आणि ती कपडे घेऊन आत गेली. तो उंबऱ्यावर बसला. माणसं जात-येत होती. एकजण जाता जाता म्हणाला, ऊठ बुशैब, खेळ संपला.

मी आले तेव्हा तो दाराला टेकून बसला होता, झग्याची टोपी डोळ्यांवर ओढलेली. माझ्या कमरेवर पिठाची परात, वर मधाची नवी बरणी. मी म्हटलं, मेल्या, आज शुक्रवार नाही, तरी आलास? थांब, दार उघडते. कुलूप काढलं, दार ढकललं, आणि त्याच्याबरोबर तोही आत कोसळला.

अंग गार, घामानं चिंब. माझ्या हातून परात पडली, भाजलेलं पीठ सगळ्या दालनात उडालं. मला डॉक्टर आठवला नाही, सुई आठवली नाही. मला फक्त इतकं आठवलं की या माणसाला मी दिलं की तो उठतो. मी मधाची बरणी उघडली, बोट बुडवलं आणि त्याच्या ओठाला लावलं, ओठाच्या आत लावलं. आणि मी किंचाळले.

तामू अनवाणी धावत आली. तिनं काय पाहिलं? तिचा नवरा जमिनीवर पडलाय, त्याच्या तोंडाला मध आहे, आणि माझ्या हातात बरणी आहे. तिनं माझ्या हातावर फटका मारून बरणी लांब उडवली. “काय चारलंत त्याला?” म्हणाली, आणि तिथंच बसून आपल्या बाहीनं त्याचं तोंड पुसायला लागली. ओठ पुसले, दाढी पुसली, बोट तोंडात घालून आतला मध काढला, लहान मुलाच्या तोंडातली माती काढावी तसा. पुसत होती आणि म्हणत होती, थुंका, थुंका ते. मलाही वाटलं की खरंच माझ्यामुळेच झालं.

अल्लालनं त्याला पाठीवर घेतलं, टॅक्सीत घातलं. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं विचारलं, सुई कधी घेतली, खाल्लं काय, हात कापत होते का? मग तिनं मान खाली घातली. तामू म्हणाली, वाढली होती ना साखर? डॉक्टरीण म्हणाली, “नाही हो, पार उतरली होती. अशा वेळी साखरेचा एक खडाही पुरतो कधी कधी.” तामूनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आपल्या बाहीकडे. बाही अजून चिकट होती.

मयताच्या घरी आमच्याकडे लोक काय घेऊन येतात? साखर. लग्नाला साखर, बाळंतपणाला साखर, मयताला साखर. निळ्या कागदात गुंडाळलेला सुळका छातीशी धरून माणसं दारात उभी राहतात, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा करावा लागतो, आणि चहा किटलीतच गोड होतो. पहिल्या दिवशी दोन आले, मग चार, मग रीघ लागली. बुशैबनं ज्यांच्या ज्यांच्या गाद्या भरल्या त्या सगळ्या घरांतून सुळके आले. मिलूदा घेऊन आली आणि उंबऱ्यातच बसून रडायला लागली. अल्लाल एक घेऊन आला, आत यायला त्याचे पाय उचलेनात, बाहेरूनच ठेवून गेला. ज्या घरात इतकी वर्षं साखरेचा कण नव्हता त्या घरात त्याच्या बैठकीवर, त्यानंच भरलेल्या गादीवर, भिंतीला लागून साखरेची रास उभी राहिली. एका माणसाला एक खडा मिळाला नाही, आणि आता ही रास. मला वाटलं, हातोडी घ्यावी आणि एकेक फोडून गल्लीत फेकावा, एकेकाच्या टाळक्यात.

पण फेकणार तरी कुणावर? ज्यानं त्यानं प्रेमानंच नाही म्हटलं होतं. तामूला दोष द्यावा म्हणून मी पहिली रात्र दात-ओठ खात काढली. सकाळी तिला पाहिलं आणि माझ्यानं ते झालं नाही. विधवेच्या पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या मोज्यांत ती भिंतीशी बसली होती. रडत नव्हती. ती नसती तर माझा भाऊ केव्हाच आंधळा होऊन, पाय तोडून घेऊन गेला असता, आणि मी त्याच्या तोंडात वडी घालत बसले असते. तिनं सगळं बरोबर केलं होतं, एकच गोष्ट तिला खरी वाटली नाही. त्या माणसानं तिला खरं वाटायला जागाच ठेवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी कुराणपठण झालं, माणसं जेवून गेली. मिलूदानं केलेला चहा होता, गोड. तिनं तामूच्या हातात पेला दिला. तामूनं घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून बसली. ना गिळता येई, ना थुंकता. बऱ्याच वेळानं गिळला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पहिल्यांदा. मी तिच्याजवळ सरकले.

ती हळू आवाजात म्हणाली, “लल्ला रकिया, सगळ्यांनी येऊन सांगितलं, आम्ही नाही म्हटलं म्हणून. तुमचं दार उघडं असतं तर तुम्ही दिलं असतंत?”

मी जन्मभर बडबड केली. पाच माणसांत मला शब्द शोधावा लागला असं कधी झालं नाही. त्या वेळी मात्र एकेक शब्द निवडून काढला. मी म्हटलं, “नसतं दिलं. तुझ्याच शब्दाखातर मीही बंद केलं होतं. दोन शिव्या घातल्या असत्या आणि घरी पिटाळलं असतं.”

तिला ते खरं वाटावं म्हणून मी मान हलवली, पुन्हा हलवली. माझा डबा कोनाड्यातून काढून मी पहाटेच नदीत टाकून आले होते, तुकड्यांसकट.

मग तिनं ती चिकट बाही मुठीत धरली. त्या दिवशीचा आपला झगा तिनं धुतला नव्हता, उशाखाली घडी करून ठेवला होता आणि आता मांडीवर घेतला होता. म्हणाली, “मी मध पुसला तेव्हा तो होता का?”

“नव्हता गं,” मी म्हटलं. “मी आले तेव्हाच गेलेला होता. मध मी उगाच लावला. नाटकात मागायचा ना तो, म्हणून.”

तामूनं डोळे मिटले. तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आता मला ती खडूस वाटत नाही. ती झोपते तेव्हा मी जागी असते, आणि तिच्या कानावर कधी काय जाईल या भीतीनं मी माझी जीभ आवरायला शिकलेय.

कारण मी मध लावला तेव्हा तो होता. त्याचे डोळे मिटलेले होते, पण जिभेचं टोक बाहेर आलं आणि ओठावरून फिरलं, लहानपणी शिडीवर झोपेत फिरायचं तसं. त्याला गोड लागलं होतं.